निम्मी वीज हरित झाली? १९४७ पासूनचा आपल्या देशाचा हिशोब

नळस्टॉपकर (धागाकर्ती)

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्म्याहून जास्त क्षमता आता कोळसा, वायू, डिझेल यांच्या बाहेरची आहे. पॅरिस कराराखाली आपण हे २०३० पर्यंत करू म्हणालो होतो, ते पाच वर्षं आधी झालं. बातमी खरी आहे आणि मला तिचा मनापासून आनंद झाला. पण तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच वाक्य कानावर पडतंय, "आपली निम्मी वीज आता सूर्य-वाऱ्याची." हे खरं नाही. फरक किरकोळ असता तर धागा काढला नसता.

आधी तो निम्मा आकडा सोडवून बघू. ३० जून २०२५ ला देशाची स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) होती, त्यातली बिगर-जीवाश्म २४३च्या आसपास. या २४३ मध्ये जवळपास ९ गिगावॅट अणुऊर्जा आहे. ती वगळली की नवीकरणीय उरते २३४, म्हणजे ४८ टक्के. त्यात सौर ११६, पवन ५१च्या पुढे, मोठी धरणं ४९, आणि उरलेल्यात साखर कारखान्यांचं चिपाड, इतर जैवभार, छोटे जलविद्युत प्रकल्प.

पण हे सगळं क्षमतेचं झालं. पुण्यात गच्चीवरचं एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. तेच एक किलोवॅट दिवसरात्र पूर्ण ताकदीने चाललं असतं तर २४ युनिट झाली असती. कोळशाच्या केंद्रातलं एक किलोवॅट देशाच्या सरासरीने सोळा-सतरा युनिट देतं. म्हणजे क्षमतेच्या तक्त्यात दोघांची रांग सारखी दिसते, आणि तारेतून येणाऱ्या विजेत चौपट अंतर असतं. म्हणून २०२४-२५ या वर्षात देशात प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटांपैकी धरणं धरून नवीकरणीय वाटा २२ टक्क्यांच्या आसपास होता. कोळशाचा जवळपास पाऊण.

आता मला ज्याने सगळ्यात जास्त विचारात टाकलं ते. हा वाटा कायम वर वर चढत आलेला नाही. १९४७ मध्ये देशाची वीजक्षमता होती १,३६२ मेगावॅट, त्यातली ५०८ पाण्याची. १९६०-६१ मध्ये सार्वजनिक वीजकेंद्रांत सुमारे १७ अब्ज युनिट तयार झाली आणि त्यातली ४६ टक्के धरणांतून आली. १९७०-७१ मध्ये ५६ अब्ज युनिट, धरणांचा वाटा ४५ टक्के. मग घसरण सुरू झाली. १९९०-९१ मध्ये एकूण वीज २६४ अब्ज युनिटांवर गेली आणि धरणांचा वाटा २७ टक्क्यांवर आला. २०१०-११ मध्ये तो १४ टक्के राहिला. पवन, सौर, चिपाड सगळं मिळवलं तरी २०१४-१५ मध्ये बेरीज १७च्या आसपासच होती. तिथून २०२४-२५ मध्ये २२.

म्हणजे साठीच्या दशकातल्या ग्राहकाच्या दिव्यात येणारी वीज आजच्या दुप्पट स्वच्छ होती! अर्थात तेव्हा वीज होती किती जणांकडे, हाही प्रश्न आहेच. त्या वेळची पाण्याची वीज वर्षाला आठेक अब्ज युनिट, आजची एकूण नवीकरणीय वीज ४०० अब्जच्या घरात. पन्नासपट वाढूनही वाटा निम्मा, कारण छेद, म्हणजे एकूण वीज, त्याहून वेगाने वाढला. नुसती टक्केवारी बघणाऱ्याला ही पन्नासपट दिसत नाही आणि नुसती पन्नासपट बघणाऱ्याला कोळसा दिसत नाही.

आणखी एक गोम. मार्च २०१९ पर्यंत २५ मेगावॅटच्या वरची धरणं सरकारी व्याख्येत 'नवीकरणीय' नव्हती, त्यानंतर झाली. कुणी आलेख पाठवला तर तो या खुंटीच्या अलीकडचा आहे की पलीकडचा, ते आधी विचारा.

इथे वीजमंडळातली, शेतीतली, कारखान्यांतली माणसं आहेत. तुमच्या बाजूने हा वाटा कसा दिसतो ते वाचायला आवडेल.

----

तारमास्तर

नळस्टॉपकर ताई, धागा फार चांगला. वीजमंडळात नोकरी झाली, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पाण्याच्या विजेचा इतिहास आपल्या घाटात आहे. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. तिन्ही टाटांची, तिन्हींना पाणी मावळ-मुळशीच्या तलावांचं, आणि वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं आणि कोकणात पाचशे मीटर खाली सोडायचं, ही युक्ती इतकी जमली की पुढे कोयनेतही तीच वापरली. कोयनेचे चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर मिळून १,९६० मेगावॅट.

वाटा का घसरला, याचं उत्तर माझ्या मते तीन गोष्टींत आहे. चांगल्या जागा आधी संपल्या. सत्तरच्या दशकात कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये एनटीपीसी ही केंद्र सरकारची वीजनिर्मिती कंपनी आली आणि खाणीच्या तोंडाशीच मोठी केंद्रं उभी राहायला लागली. धरणाला पंधरा वर्षं लागत, कोळशाच्या संचाला पाच-सहा, आणि मागणी तर दारात उभी. तिसरं कारण पाऊस. २०२२-२३ मध्ये देशात मोठ्या धरणांतून १६२ अब्ज युनिटांच्या आसपास वीज मिळाली होती, पुढच्याच वर्षी पाऊस कमी पडला आणि ती १३४ वर आली. ती तूट कोळशानेच भरली. जलविद्युत स्वच्छ आहे, पण आभाळावर अवलंबून आहे.

पण कोयनेची खरी किंमत युनिटांत मोजू नका. तिची किंमत वेळेत आहे. कोळशाचा थंड संच पेटवून भारावर आणायला तासन् तास जातात. कोयनेचा संच काही मिनिटांत उचलतो. संध्याकाळी सात वाजता सगळ्या महाराष्ट्रात एकदम दिवे लागतात तेव्हा पोफळीला, कोयनेच्या वीजघरात, फोन जायचा. आणि तिचंही पाणी मोजून आहे, कृष्णा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. ती उन्हाळ्याआधीच संपवली तर मे महिन्यात हात बांधलेले.

----

मुळशीखोरे

तारमास्तर काका, माहिती उत्तम. फक्त 'वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना' या वाक्यावर जरा थांबावंसं वाटलं.

आमचं मूळ गाव मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. १९२१ च्या एप्रिलमध्ये रामनवमीला मावळ्यांनी बांधाच्या जागेवर सत्याग्रह सुरू केला, घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी त्याच लढ्याने दिली. बायका-पोरांसकट लोक तुरुंगात गेले. तीनेक वर्षं लढून शेवटी जमीन गेलीच. धरणामुळे इतक्या गावांना उठावं लागलं आणि त्यांनी संघटित होऊन नाही म्हटलं, याचं जगातलं फार सुरुवातीचं उदाहरण ते. कोयनेच्या विस्थापितांचे पुनर्वसनाचे प्रश्न तर अजून मोर्चांतून ऐकू येतात.

ताई, तुमच्या १९६०-६१ च्या ४६ टक्क्यांत आमची भातखाचरं आहेत. वाटा वाढावा ही माझीही इच्छा आहे, मुलाबाळांना याच हवेत राहायचंय. पण त्या आकड्याशेजारी जमीन कुणाची गेली हा रकाना हवा. सौर पार्कला 'पडीक' म्हणून जी जमीन दाखवतात ती बऱ्याचदा कुणाच्या तरी गुरांचं चराऊ रान असते.

----

नळस्टॉपकर

मुळशीखोरे, हा रकाना माझ्या मूळ लेखात असायला हवा असं मलाही वाटतं, आणि तुम्ही तो ज्या नेमकेपणाने भरलात तसा मला भरता आला नसता. वर्गात मी मुळशी सत्याग्रह इतिहासात शिकवलेला पाहते आणि भिरा भूगोलात. दोन्ही एकाच पाण्याचे आहेत हे मुलांना कुणी सांगत नाही.

----

अर्धविराम

चर्चा विजेपुरती चालली आहे. शीर्षकात 'वीज' आहे हे मान्य, पण देश फक्त विजेवर चालत नाही. पुण्यात रस्त्यावर येऊन बघा: पेट्रोल, डिझेल, सीएनजी. स्वयंपाकघरात गॅस. चाकणच्या भट्ट्यांत वायू आणि तेल. एकूण ऊर्जेचा वाटा काढला तर चित्र आणखी फिकं होतं.

नोकरीनिमित्त काही वर्षं जर्मनीत होतो. त्यांचं कौतुक करावं तितकं थोडं. १९९१ मध्ये त्यांनी कायदा केला की कुणीही पवन-सौर वीज बनवली तर वीजकंपनीने ती घेतलीच पाहिजे. २००० मध्ये त्याहून भक्कम कायदा आला. तेव्हा त्यांच्या वीजवापरात नवीकरणीय वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता, २०२३ मध्ये तो निम्म्याच्या वर गेला. आज जगाला स्वस्त पॅनेल मिळतात त्यामागे जर्मन ग्राहकांनी वर्षानुवर्षं भरलेलं जादा बिलही आहे, हे आपण विसरू नये. पण त्याच जर्मनीत घरं गरम करायला वायू आणि गाड्यांना तेल, म्हणून एकूण ऊर्जावापरात नवीकरणीय वाटा जेमतेम एकपंचमांशाच्या थोडा पुढे. विजेत निम्मा, ऊर्जेत पाचवा हिस्सा!

युरोपीय संघ म्हणूनच अंतिम ऊर्जावापराचा वाटा मोजतो. त्यात वीज, उष्णता, वाहतूक सगळं येतं. २००४ मध्ये सगळ्या संघाचा मिळून हा वाटा १० टक्क्यांच्याही आत होता, २०२३ मध्ये २४.५. २०३० साठी ४२.५ ठरवलाय. स्वीडन दोन तृतीयांशाच्या जवळ पोचला, कारण त्यांनी जंगलाचा उरलेला लाकूडफाटा जाळून शहरांना गरम पाणी पुरवायची व्यवस्था आधीपासून उभारली. नॉर्वेची वीज तर जवळजवळ सगळी पाण्याचीच. आता तिकडे नव्या गाड्यांपैकी बहुतेक विजेवरच्या विकल्या जातात, २०२४ मध्ये जवळपास ८९ टक्के. वाटा वाढवायचा तर आधी जे जाळतोय ते विजेवर आणा आणि मग वीज स्वच्छ करा, हा त्यांचा धडा.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल दहा वर्षांत दीड टक्क्यावरून वीसवर आलं. आकडा मोठा, पण त्यासाठीचा ऊस मराठवाड्यासारख्या तहानलेल्या भागातही पिकतो. मला तरी ते पचत नाही.

----

नळस्टॉपकर

अर्धविराम, एकूण ऊर्जेचा मुद्दा हवाच होता. पण आपल्या देशात तो मोजायला गेलं की एक वेगळीच अडचण येते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

आंतरराष्ट्रीय तक्त्यांत चुलीतलं लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांनाही बऱ्याचदा नवीकरणीय ऊर्जाच धरतात. त्या हिशोबाने आपला देश पन्नास वर्षांपूर्वी फारच 'हरित' होता. का, तर करोडो बायका धुरात डोळे चोळत स्वयंपाक करत होत्या. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगाव सिलिंडर गेले. त्या तक्त्यात याचा परिणाम काय दिसतो? नवीकरणीय वाटा कमी! एका बाईची फुप्फुसं वाचली की देशाचा आकडा घसरतो. म्हणून मी एकूण ऊर्जेचा कुठलाही वाटा बघताना पारंपरिक जैवभार धरलाय की वगळलाय हे आधी शोधते.

उलटही होतं. पुण्यात किती गच्च्यांवर सौर बंब आहेत! महापालिका मिळकतकरात सवलत देते, त्यानेही ते पसरले. हे बंब सकाळच्या गीझरची वीज थेट वाचवतात, ऐन गर्दीच्या तासाला. पण वीजनिर्मितीच्या तक्त्यात त्यांचं एक युनिटही उमटत नाही, कारण जी वीज वापरलीच नाही ती मोजणार कोण? तसाच बायोगॅस. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या 'आरती' संस्थेने घरातल्या खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र बसवलं, त्याला २००६ मध्ये ॲश्डेन हा ब्रिटनमधला शाश्वत ऊर्जेचा पुरस्कार मिळाला. त्यातला गॅस शेगडीत जळतो आणि सिलिंडर जास्त दिवस पुरतो.

----

कुकडीकाठ

मी जुन्नर तालुक्यातला. कांदा, टोमॅटो, थोडा ऊस. टक्केवारीतलं मला फार कळत नाही, पण एक गोष्ट सांगतो.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज वीज आळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाराला-एकला उठून पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जायचं. उसात बिबट्या आहे हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत. आमच्या भागात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. बॅटरी आणि काठी घेऊन दोघं-तिघं मिळून जातो, बायको दारात बसून राहते.

म्हणून सौर फीडरची (फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) योजना आली तेव्हा आम्ही युनिटचा दर विचारला नाही. दिवसा वीज मिळेल का, एवढंच विचारलं. सूर्याची वीज दिवसाच येणार, आणि पाणी भरायलाही दिवसच बरा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीत उपकेंद्राजवळ पॅनेल लावून शेतीच्या फीडरला तीच वीज द्यायची अशी आखणी आहे. काही गावांत सुरू झालं, काही ठिकाणी जागेवरून अडलंय. जिथं झालं तिथले पाहुणे सांगतात, रात्रीची झोप परत मिळाली. वाटा बावीस का चोवीस ते तुम्ही बघा, पण हे पण त्यात लिहा.

----

वसुधा_धायरी

कुकडीकाठ दादा, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

माझा प्रश्न साधा आहे. आमची सोसायटी सहा मजली, दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे. सार्वजनिक मीटरचं बिल दरवर्षी वाढतंय. गच्चीवर सौर बसवायचं म्हटलं की बैठकीत दोन तट पडतात. वरच्या मजल्यावरचे म्हणतात गळती होईल, काही म्हणतात पावसाळ्यात काय उपयोग. खरी परिस्थिती काय आहे?

----

तारमास्तर

वसुधाताई, पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सार्वजनिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, घरामागे ३ किलोवॅट या हिशोबाने आणि कमाल ५०० किलोवॅटपर्यंत. वैयक्तिक घराला वेगळं: एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन आणि वर ७८,०००. जागा किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट धरा, त्यातही टाकी आणि लिफ्टच्या खोलीची सावली पडते तो भाग सोडा. एका पॅनेलवर कोपऱ्यात सावली पडली तरी त्या ओळीचं उत्पादन पडतं, हे विक्रेते नेहमी सांगतातच असं नाही.

गळतीची भीती रास्त आहे. स्लॅबला भोकं पाडण्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर सांगाडा उभा करायला सांगा, आणि वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या. नंतर पॅनेल हलवून करणं महागात जातं. वाऱ्याच्या दाबाचा हिशोब लेखी मागा.

पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, उत्पादन चांगलंच उतरतं. मार्च ते मे भरभरून येतं. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे गच्चीवरून बाहेर गेलेली वीज बिलातून वजा करायच्या पद्धतीत, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, त्यामुळे वर्षाचा ताळा जुळतो. आणि एक सोपी गोष्ट, पैसे न लागणारी: टाकी भरायचे पंप पहाटेऐवजी अकरा ते तीनमध्ये चालवा. सौर असो-नसो, दुपारची वीज आता ग्रिडलाही (सगळ्या वीजजाळ्यालाही) सोपी जाते.

----

भोसरी_टूलरूम

तारमास्तरांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितो. आम्ही उद्योगवाले वीज तासांत मोजतो.

ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, २००६ मध्ये पुण्यात लोडशेडिंग टाळायला 'पुणे मॉडेल' आलं. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी स्वतःचे डिझेल जनरेटर चालवायचे, ग्रिडमधली तेवढी वीज शहराला सोडायची आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलात थोडा थोडा वाटून घ्यायचा. शहर उजळलं, पण उजळलं डिझेलवर. तेव्हा देशात सौर वीज जवळपास नव्हतीच. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या लिलावांत दर युनिटला बारा रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. दहा वर्षांत. आयुष्यभर यंत्रांच्या किमती बघत आलोय, इतक्या वेगाने स्वस्त झालेली दुसरी वस्तू या धंद्यात मला माहीत नाही.

वाऱ्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन कंपनी १९९५ मध्ये सुरू झाली, तिचं मुख्यालय पुण्यातच हडपसरला आहे. साताऱ्याचं वनकुसवडे पठार, चाळकेवाडी इथल्या पवनचक्क्या एके काळी आशियातल्या मोठ्या पवनक्षेत्रांत मोजल्या जायच्या. आणि वाऱ्याचा गुण असा की तो नेमका जून ते सप्टेंबर जोरात असतो, सौर उतरतं तेव्हा. रात्रीही वाहतो. सौरच्या नादात वाऱ्याकडे देशाचं दुर्लक्ष झालं. २०१५ मध्ये सरकारने २०२२ साठी ठरवलं होतं सौर १००, पवन ६० गिगावॅट. सौरचे १०० जानेवारी २०२५ मध्ये झाले. पवनचे ६० तेव्हा झालेच नाहीत, पन्नाशी ओलांडली ती २०२५ मध्येच.

----

अर्धविराम

भोसरी_टूलरूम, +१. आणि दुपार विरुद्ध संध्याकाळ हाच आता वाट्याचा खरा अडसर आहे ना? दुपारी सौर वीज एवढी येते की कोळशाच्या केंद्रांना खाली यावं लागतं. पण ती आपल्या क्षमतेच्या ५५ टक्क्यांच्या खाली सहज चालत नाहीत, हा आकडा ४० वर आणायचं काम टप्प्याटप्प्याने करायचं ठरलंय. पूर्ण बंद करावीत तर संध्याकाळी परत पेटणार कशी? मग काही वेळा सौर वीजच नको म्हणून सांगितलं जातं, राजस्थानात हे व्हायला लागलंय. पॅनेल आहे, ऊन आहे, आणि वीज वाया. क्षमतेच्या तक्त्यात ते पॅनेल मात्र पूर्ण मोजलेलं.

म्हणजे इथून पुढे नुसती पॅनेलं वाढवून बावीसचे चाळीस होणार नाहीत. साठवण लागेल.

----

तारमास्तर

साठवणीचा जुना मार्ग पुन्हा पाणीच. दुपारच्या स्वस्त विजेने खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी ते खाली सोडायचं. चढवलेल्या शंभर युनिटांतली पंच्याहत्तर-ऐंशी परत मिळतात. आपल्या राज्यात घाटघरला २५० मेगावॅटचा असा उदंचन प्रकल्प चालू आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात दोन मोठ्या प्रकल्पांचा करार झाला, मावळात शिरवत्याला १,८०० मेगावॅट आणि भिवपुरीला १,०००. शंभर वर्षांपूर्वीचेच तलाव, काम नवं. बॅटऱ्याही वेगाने स्वस्त होतायत, पण सहा-आठ तासांची साठवण आणि पन्नास वर्षांचं आयुष्य हवं तर मला घाटच दिसतो.

----

मुळशीखोरे

काका, जुन्या तलावांचा वापर होणार असेल आणि नवीन गाव उठणार नसेल तर मी पहिला पाठिंबा देईन. पण वरचा जलाशय कुठे, त्याला किती जंगल, बोगद्याचा मुरूम कुठे टाकणार, आणि भीमा खोऱ्याचं जे पाणी आधीच कोकणात उतरतं त्यात भर पडणार का, हे जनसुनावणीत विचारलं पाहिजे. उदंचनात पाणी तेच ते फिरतं, हे मला माहीत आहे. पहिल्या भरणीचं आणि बाष्पीभवनाचं मात्र कुठून तरी येणारच. १९२१ मध्ये आमच्या पणज्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता विचारायची पद्धत कायद्यात आहे, तर ती मराठीतून, गावात, कागदपत्रं आधी हातात देऊन व्हावी.

----

तारमास्तर

हे सगळे प्रश्न योग्य आहेत. तुम्ही लेखी हरकत काढणार असाल तर तांत्रिक भाग वाचून द्यायला मी तयार आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

----

नळस्टॉपकर

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मूळ लेखात आकड्यांच्या खाली दोन गोष्टी जोडते आहे: मुळशीखोरे यांचा जमिनीचा रकाना आणि कुकडीकाठ दादांचा दिवसाच्या विजेचा. शिवाय ज्यांना 'निम्मी वीज' या वाक्याला उत्तर द्यायचंय त्यांच्यासाठी: ग्रिड-इंडिया, म्हणजे देशाचं वीजजाळं सांभाळणारी सरकारी कंपनी, रोज देशाचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात आदल्या दिवशी कोळसा, पाणी, वारा, सौर यांची किती युनिटं आली ते असतं, आणि संध्याकाळच्या कमाल मागणीला पुरवठा किती झाला तेही. कुठलाही एक दिवस उघडून भागाकार करा. मी पुढच्या सत्रात अकरावीच्या मुलांकडून जून आणि डिसेंबरचा एकेक दिवस करून घेणार आहे, निकाल इथेच टाकेन.

----

वसुधा_धायरी

ताई, मुलांचा निकाल नक्की टाका. आमच्याकडे रविवारी बैठक आहे. तारमास्तर काका, वाऱ्याच्या दाबाचा हिशोब कुणाकडून मागायचा, विक्रेत्याकडून की सोसायटीने स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअर नेमायचा?

----

तारमास्तर

स्वतंत्र नेमा. विक्रेत्याचा हिशोब विक्रेत्याच्या सांगाड्याचा असतो, तुमच्या स्लॅबचा नाही. इमारत पंचवीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिट आणि मगच निविदा.